लाईट आली, टीव्ही लागला, पण रेकॉर्डिंगचा सर्व्हर सापडत नाही

आमच्या अमळनेरला उन्हाळ्यात दुपारची लाईट जाते, कधी पंधरा मिनिटं, कधी दोन तास. परत आली की आधी पंखा कुरकुरतो आणि मग बाहेरच्या खोलीतून मायची हाक येते, "आते काय व्हयनं रे याले? कालना कार्यक्रम दिखत नही!" टीव्ही चालू, वायफाय चालू, मोबाईलवर सगळं व्यवस्थित. फक्त टीव्हीच्या यादीतून आमचा रेकॉर्डिंगचा सर्व्हर गायब. मी उठायचो, सर्व्हर बंद करून चालू करायचो, तो दिसायला लागायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर्षभर हेच चाललं. या बंद-चालू करण्यानेच खरं कारण इतके दिवस झाकून ठेवलं होतं.

आधी आमची मांडणी सांगतो. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे तोंड करून. तिची वायर माजघरातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बसवलेल्या डीव्हीबी-एस२ कार्डात, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या कार्डात येते. त्यावर लिनक्स आहे. टीव्हीहेडएंड नावाचा प्रोग्रॅम रेकॉर्डिंग करतो आणि झालेली रेकॉर्डिंग जेलीफिन नावाचा दुसरा प्रोग्रॅम घरभर दाखवतो. अण्णांना सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम लागतो, पण तो लागतो तेव्हा ते शेतात असतात. मायला कीर्तन लागतं, पण त्या वेळी चुलीवर भाकरी असते. म्हणून हा खटाटोप.

घर जुनं, धाब्याचं. भिंती दीड-दोन फूट मातीच्या. मे महिन्यात त्या भिंतींचे पाय धरावेसे वाटतात, पण वायफाय त्यांच्यापुढे हात टेकतं. म्हणून केबलवाल्याने लावलेला फायबरचा डबा ओसरीत, माडीवर आमचा स्वतःचा दुसरा राउटर, आणि मधे तारा जोडायला आठ पोर्टचा एक स्विच. ही तीन यंत्रं लक्षात ठेवा. बहुतेक भानगडी त्यांच्यातल्याच आहेत.

सापडत नाही म्हणजे नक्की काय

'सर्व्हर सापडत नाही' या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. सर्व्हर बंद पडलाय ही एक, आणि सर्व्हर धडधाकट बसलाय पण टीव्हीला त्याचा ठिकाणा कळत नाहीये ही दुसरी. त्यांची गल्लत केली की दिवस वाया जातो. म्हणून काहीही उघडण्याआधी, खोलण्याआधी, त्याच वायफायवरच्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता सरळ टाका. आमचा १९२.१६८.१.५० आहे. त्यापुढे अपूर्णविराम देऊन जेलीफिनसाठी ८०९६, टीव्हीहेडएंडसाठी ९९८१. पान उघडलं तर सर्व्हर जिवंत आहे, रस्ता मोकळा आहे, आणि दोष फक्त शोधण्याच्या यंत्रणेत आहे. नाही उघडलं, तर आधी वीज, वायर आणि पत्ता पाहा.

पत्ताच माहीत नसेल तर केबलवाल्याच्या डब्याच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे बघा. यादीतही सर्व्हर नसेल तर बहुधा तो चालूच झालेला नाही. लाईट आल्यावर डेस्कटॉप आपोआप उठत नाही, ते बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, सांगून ठेवावं लागतं. वीज गेल्यानंतर काय करायचं, अशा अर्थाची एक ओळ तिथे असते, ती 'ऑन' वर ठेवा. हे वाचून कुणी हसेल, पण माझ्या वर्षभरातल्या तक्रारींपैकी पहिल्या तीन-चार वेळा कारण एवढंच होतं.

आता पान उघडतंय, पण टीव्हीच्या यादीत नाव नाही असं धरू.

जेलीफिनचं ॲप उघडलं की ते घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून एक प्रश्न सोडतं, यूडीपी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीने, ७३५९ पोर्टवर (पोर्ट म्हणजे पत्त्यापुढचा दाराचा आकडा). प्रश्न अक्षरशः असा असतो: 'हू इज जेलीफिनसर्व्हर?' ज्याच्याकडे जेलीफिन आहे तो आपलं नाव आणि पत्ता कळवतो. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. ही सरळ दवंडी आहे, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी.

टीव्हीमध्ये कंपनीने दिलेला जो मीडिया प्लेअर असतो तो डीएलएनए वापरतो, त्याची तऱ्हा वेगळी. तो २३९.२५५.२५५.२५० या ठरावीक पत्त्यावर १९०० पोर्टवर हाक मारतो, आणि ती फक्त त्या गटात नाव नोंदवलेल्यांनी ऐकायची असते. हे मल्टिकास्ट. दवंडी नव्हे, लग्नघरची आमंत्रणाची यादी. लॅपटॉपवर सर्व्हरच्या नावापुढे 'डॉट लोकल' लावून पान उघडता ती तिसरी पद्धत, एमडीएनएस, ती २२४.०.०.२५१ वर ५३५३ पोर्टने चालते. तीही मल्टिकास्टच.

यातली एकही हाक घरगुती राउटर पलीकडे जाऊ देत नाही. गावची दवंडी शिवेपाशी थांबते, पुढच्या गावाला तिचा पत्ता लागत नाही, तसंच.

एवढं कळलं की एक सोपी तुलना हाताशी येते. मोबाईलच्या ॲपला सर्व्हर आपोआप सापडतो पण टीव्हीच्या प्लेअरला सापडत नाही, तर मल्टिकास्टमध्ये गडबड आहे, किंवा सर्व्हरवर डीएलएनए चालूच नाही. दोघांनाही सापडत नाही, तर मधे शीव आहे किंवा फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारा पहारेकरी. नाव दिसतं पण दाबल्यावर उघडत नाही, तर सर्व्हर चुकीचा पत्ता सांगतोय.

माडीवरचा राउटर

आधी शिवेचं बघू, कारण दोन राउटर असलेल्या घरात पहिला संशय तिथेच जायला हवा. नवा राउटर घेतला की त्याच्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, तार निळ्या किंवा वॅन लिहिलेल्या भोकात घाला. आपण घालतो, इंटरनेट चालू होतं, आपण खूश. पण त्या क्षणी माडी हे वेगळं गाव झालं. खाली सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, वर १९२.१६८.० ने. वरून खालच्या सर्व्हरचं पान पत्ता टाकून उघडतं, कारण वरचा राउटर खालच्या नेटवर्ककडे जायला रस्ता देतो. हाक मात्र जात नाही. म्हणूनच हा दोष फसवतो: ब्राउझरमध्ये सगळं ठीक आणि ॲप म्हणतं कुणीच नाही.

तपासायला टीव्हीच्या आणि सर्व्हरच्या पत्त्यातले पहिले तीन आकडे ताडून बघा. ते वेगळे असले तर राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' शोधा आणि तो लावा. जुन्या राउटरमध्ये तो नसतो. मग आधी त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या मालिकेतला पण रिकामा असा द्या, नंतर त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि तार वॅनमधून काढून साध्या लॅनच्या भोकात घाला. हाच क्रम पाळा. मी आधी डीएचसीपी बंद केलं, मग राउटरचं पान उघडेना, आणि सुई टोचून रीसेट करायची वेळ आली.

माडीचा प्रश्न मिटला. मायचा मात्र नाही. तिचा टीव्ही तर खालीच, केबलवाल्याच्याच वायफायवर होता.

अर्ध्या तासाने गायब

इथे मी सर्वांत जास्त चकलो. मायच्या टीव्हीवर सर्व्हर चालू केल्याबरोबर दिसायचा. ती कीर्तन बघायची, स्वयंपाकाला उठायची आणि परत येऊन बघते तर यादी रिकामी. त्याच वेळी माझ्या मोबाईलच्या ॲपला सर्व्हर क्षणात सापडायचा. मी टीव्हीला दोष दिला. टीव्हीचं सॉफ्टवेअर नवं केलं. एकदा तर सर्व्हरच्या डिस्कवर संशय घेऊन तीही बदलायला निघालो होतो.

शेवटी एक दुपार नुसतं घड्याळ लावून बसलो. सर्व्हर चालू केल्यापासून साधारण चार-पाच मिनिटांच्या आत टीव्ही बंद करून लावला, तर सर्व्हर दिसायचा. त्यानंतर लावला तर नाही. आणि पहिल्या पाच मिनिटांतच लावून चालूच ठेवला तर यादीतलं नाव अर्ध्या तासाच्या आसपास जायचं. दोन वेगवेगळी घड्याळं चालू होती, म्हणून मला इतके दिवस ताळमेळ लागत नव्हता.

पहिलं घड्याळ आमच्या स्विचमधलं. हा स्विच मी वापरलेला, स्वस्तात घेतला होता. तो साधा नव्हता, सेटिंगवाला होता, आणि त्यात आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं. लग्नघरचीच उपमा पुढे न्यायची तर हा स्विच यादी सांभाळणारा कारभारी. मल्टिकास्टच्या कुठल्या गटात कोण आहे हे तो टिपून ठेवतो आणि गटाची हाक फक्त त्यांच्याच दारी पोचवतो. सर्व्हर चालू होताना 'मी २३९.२५५.२५५.२५० च्या गटात आहे' असं कळवतो, कारभारी लिहून घेतो. पण यादी ताजी ठेवायची तर कुणीतरी अधूनमधून 'अजून आहात का?' असं विचारत फिरावं लागतं. त्या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. आमच्या घरात तो कुणीच नव्हता. विचारणा नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून ठरल्या मुदतीने कारभाऱ्याने सर्व्हरचं नाव खोडलं. आयजीएमपीच्या नेहमीच्या आकड्यांनी ही मुदत २६० सेकंद भरते: १२५ च्या दोन फेऱ्या आणि वर १० सेकंद. म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. त्यानंतर टीव्हीने कितीही हाका मारल्या तरी सर्व्हरच्या दारी काही पोचणार नाही.

दुसरं घड्याळ टीव्हीमधलं. डीएलएनएचा सर्व्हर आपली जाहिरात करताना ती किती वेळ खरी मानायची हेही सांगतो, आणि डीएलएनए ज्यावर उभं आहे त्या यूपीएनपीच्या नियमात ही मुदत १८०० सेकंदांहून कमी नसावी असं म्हटलंय. टीव्हीने एकदा नाव ऐकलं की तो ते तेवढा वेळ धरून बसतो. दरम्यान नवीन काही कानावर आलं नाही की सोडून देतो. हाच तो अर्धा तास.

मोबाईलचं ॲप मात्र दवंडी पिटतं, आणि दवंडीला यादी लागत नाही. म्हणून त्याला ही अडचण कधीच आली नाही. आणि सर्व्हर बंद-चालू केला की तो नव्याने नाव नोंदवायचा, म्हणून माझा 'उपाय' प्रत्येक वेळी लागू पडायचा.

यावर इलाज दोन. स्विचमध्ये स्नूपिंग बंद करा, नाहीतर त्याच्यातच क्वेरियर चालू करा. चार-दोन टीव्हींच्या घरात स्नूपिंगचा उपयोग काहीच नाही, मी बंद केलं. हीच सोय काही राउटरमध्ये वायफायच्या सेटिंगखाली असते आणि तिथेही हाच घोळ घालते. तुमच्याकडे साधा, सेटिंग नसलेला स्विच असेल तर बहुधा ही कटकट नाही. सॅट-ओव्हर-आयपी म्हणजे नेटवर्कवरचा ट्यूनर वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण तो ट्यूनरही याच १९०० च्या पोर्टवर शोधला जातो.

हाक पोचते का ते कान लावून बघा

एवढं सगळं करूनही कळत नसेल तर अंदाज लावत बसू नका. सर्व्हरवर नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडम्प टाका आणि ७३५९ व १९०० या दोन पोर्टवर लक्ष ठेवायला सांगा. मग दुसऱ्या कुणाला तरी टीव्हीवर शोध घ्यायला लावा. मी अण्णांना माडीवर रिमोट देऊन बसवलं आणि खालून ओरडलो, "दाबा!" ते वरून, "दाबं!" अहिराणीत म्हणाले. असं सहा-सात वेळा झालं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून काय चाललंय ते विचारलं.

हाक सर्व्हरपर्यंत येताना दिसली आणि उत्तर जात नसेल, तर दोष सर्व्हरवर. हाकच येत नसेल, तर दोष मधल्या यंत्रात. अर्धं घर एका फटक्यात संशयातून सुटतं.

आमच्याकडे नंतर एकदा हाक येत होती आणि उत्तर नव्हतं. कारण यूएफडब्ल्यू, म्हणजे लिनक्सवरची फायरवॉल. फायरवॉल मीच लावली होती आणि जेलीफिनसाठी ८०९६ टीसीपी तेवढं उघडलं होतं. पान उघडण्याला ते पुरतं, शोधाला पुरत नाही. यूडीपीचं ७३५९ उघडावं लागतं, आणि १९०० उघडं आहे ना तेही पाहा, डॉट लोकल वापरत असाल तर ५३५३ सुद्धा. फक्त घरच्या पत्त्यांना परवानगी द्या, जगाला नको.

जेलीफिन डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद खोलीत, चालवत असाल तर आणखी एक गंमत आहे. तिथे सर्व्हरला आपला पत्ता १७२.१७ ने सुरू होणारा काहीतरी वाटतो, आणि तो बिचारा तोच सांगत सुटतो. टीव्हीवर नाव येतं, दाबलं की फिरत राहतं. कंटेनर होस्ट नेटवर्कवर, म्हणजे मूळ संगणकाच्याच नेटवर्कवर, चालवा. ते जमत नसेल तर 'पब्लिश्ड सर्व्हर यूआरएल' या व्हेरिएबलमध्ये खरा पत्ता लिहा, पण डीएलएनए हवं असेल तर होस्टशिवाय गत्यंतर नाही.

आणि २०२४ मध्ये जेलीफिन १०.९ आलं, त्यात डीएलएनए मूळ प्रोग्रॅममधून काढून प्लगिन केलं गेलं. अपडेट केल्यानंतर टीव्हीची यादी कायमची रिकामी झाली असेल तर वरचं काही करू नका, प्लगिन टाका.

लाईटीचा क्रम

आता लाईट गेल्यावर हे हमखास का होतं, याकडे येतो. लाईट आली की सगळी यंत्रं एकदम उठतात, पण जागी एकदम होत नाहीत. आमचा डेस्कटॉप एसएसडीवर असल्यामुळे अर्ध्या मिनिटात तयार, आणि फायबरचा डबा अजून डोळे चोळत असतो. सर्व्हरला पत्ता देणारा कुणी नाही. जेलीफिन मात्र सुरू होऊन बसतं, आणि माझ्याकडे तरी मग ते दवंडी ऐकायचंच विसरतं. लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये जेलीफिन आणि टीव्हीहेडएंड दोघांनाही 'नेटवर्क-ऑनलाइन' झाल्यानंतरच सुरू हो असं सांगितलं की हे थांबतं. त्यासोबत नेटवर्कची वाट बघणारी सेवा चालू आहे ना तेही पाहा, नाहीतर नुसतं लिहून उपयोग नाही. रेकॉर्डिंगची डिस्क बाहेरून जोडलेली असेल तर तीही त्याच अटीत घाला.

दुसरं, पत्ता बदलतो. डब्याने दिलेल्या पत्त्यांची वही काही डब्यांत वीज गेली की पुसली जाते, मग सर्व्हरचा जुना पत्ता भाच्याच्या टॅबला मिळतो आणि टीव्ही ॲप त्या टॅबला कीर्तन मागत बसतं. डब्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेससाठी (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) पत्ता राखून ठेवा. सर्व्हरवरच पक्का पत्ता टाकायचा तर तो डब्याच्या वाटपाच्या मालिकेबाहेरचा हवा. आमच्याकडे एकदा तंत्रज्ञ डबा बदलून गेला, नवा डबा १९२.१६८.१०० वाला निघाला आणि पक्क्या पत्त्याचा सर्व्हर एकटाच जुन्या गावात राहिला. तेव्हापासून डब्यावर पेनाने मालिका लिहून ठेवली आहे.

डब्याला आणि स्विचला एक छोटा यूपीएस लावला तर हा क्रमाचा घोळ बराच कमी होतो. मी लावला. सर्व्हरला इन्व्हर्टरची लाईन दिली आहे.

अखजीच्या पाहुण्यांचं

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण सुरतहून येते. तिच्या मुलांसाठी मी वेगळं गेस्ट वायफाय करून ठेवलं होतं, पासवर्ड सोपा. मुलांनी जेलीफिन टाकलं, सर्व्हर सापडेना, "मामा, तुमचं चालतच नाही." गेस्ट वायफाय म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवायचं आणि माजघराचं दार लावून घ्यायचं. त्यावरून घरातलं काहीच दिसत नाही, दिसूही नये. काही राउटरमध्ये साध्या वायफायलाही 'एपी आयसोलेशन' नावाची खूण असते, तिचाही परिणाम कधी तोच होतो. ती काढा. एका भाच्याच्या फोनवर व्हीपीएन चालू होतं, ते बंद केल्यावर त्याला सापडला. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिली आहे का बघावं. आयओएस १४ पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा विचारल्यावर नाही म्हटलं की ॲप पुन्हा विचारत नाही.

आता मायचा टीव्ही शांत आहे. माडीवरच्या अँड्रॉइड डब्याला मात्र सर्व्हर अजूनही कधी पहिल्या फटक्यात सापडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सापडतो. वायफायवर राउटरकडून सुटणारी दवंडी आणि मल्टिकास्ट पोचल्याची पावती कुणी देत नाही, हरवलं तर पुन्हा पाठवलं जात नाही, आणि वर भिंती मातीच्या. तिथे तार ओढायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल. अण्णा म्हणतात, दोनदा बटण दाबायला काय होतं.